संगमनेरचा डफ : शाहीर अनंत फंदी यांची गोष्ट, आणि ‘गावठी’ या शिक्क्याचीही

संगमनेर : चैत्र लागला की आपल्या जिल्ह्यात यात्रांचा हंगाम सुरू होतो. अकोल्यापासून जामखेडपर्यंत कार्यक्रम बहुतेक सारखाच. सकाळी देवाला पाणी, संध्याकाळी शेरणी, रात्री छबिना, छबिना झाला की लोकनाट्य तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा हगामा. जिथं घाट आहे तिथं बैलगाडेही पळतात. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं रजा काढून येतात, मोबाईलवर व्हिडिओ काढतात, मित्रांना पाठवतात. आणि तिकडून कुणीतरी एका शब्दात निकाल लावून टाकतं. गावठी.

हा शब्द आजचा नाही. ढोलकी, डफ, लावणी, मोकळ्या रानात रात्रभर चालणारा खेळ, हे सगळं हलक्या लोकांचं काम, असं म्हणणारी माणसं अडीचशे वर्षांपूर्वीही होती. याच शिक्क्याखाली आपल्या संगमनेरचा एक माणूस जगला. निम्मं आयुष्य त्यानं डफावर घालवलं आणि निम्मं कीर्तनात. आज त्याच्या नावानं संगमनेरात व्याख्यानमाला चालते. शाळेच्या पुस्तकातून त्याचा फटका पिढ्यान् पिढ्यांनी पाठ केला. पण तो तमासगीर होता, हे सांगताना अजूनही आपला आवाज जरा खाली येतो. ही गोष्ट त्याची, शाहीर अनंत फंदी यांची.

घोलपांचा अनंत

अनंत फंदी यांचं पूर्ण नाव अनंत भवानीबावा घोलप. जन्म १७४४ चा, गाव संगमनेर. घर ब्राह्मणाचं. प्रवरा आणि म्हाळुंगी जिथं मिळतात तिथलं हे गाव तेव्हाही मोठं होतं. पुण्याकडून नाशिकला जाणारी वाट इथूनच. व्यापारी, बैरागी, फकीर, फौजफाटा, सगळ्यांची ये-जा. अशा गावात पोराच्या कानावर एकाच घरातलं पठण पडत नाही. गोंधळ्याचं संबळ पडतं, वासुदेवाची चिपळी पडते, वारकऱ्याचा टाळ पडतो आणि रात्री लांबून डफही ऐकू येतो.

‘फंदी’ हे त्यांचं आडनाव नव्हे. संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता, असं सांगतात. त्याच्या तऱ्हेवाईक वागण्यामुळे लोक त्याला फंदी म्हणायचे. घोलपांच्या अनंताची आणि त्या फकिराची दोस्ती जमली. इतकी, की लोकांनी ते नाव अनंतालाही चिकटवलं. फंद म्हणजे नाद, छंद, नको ती खोड. म्हणजे नावातच गावानं त्याला टोमणा मारून ठेवला होता. पण त्यांनी तेच नाव आपल्या कवनात घातलं आणि त्याच नावानं ते महाराष्ट्राला माहीत झाले. घोलप मागं पडले, फंदी पुढं गेले.

एका ब्राह्मणाच्या पोरानं फकिराशी मैत्री करावी, त्याचं नाव लावावं आणि डफ घेऊन फडावर उभं राहावं, हे त्या काळाच्या चौकटीत बसणारं नव्हतं. घरानं काय म्हटलं असेल, भाऊबंदांनी काय म्हटलं असेल, याचा अंदाज आपल्यापैकी ज्याच्या घरात कुणी कलेच्या नादाला लागलंय त्याला बरोबर येईल.

फडावर कोण कोण होतं

तमाशा म्हणजे अमुक एका जातीचा खेळ, असा समज आज पक्का झाला आहे. पेशवाईच्या शेवटच्या पन्नास वर्षांकडे पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. सोलापूरचे राम जोशी ब्राह्मण. पुण्यात गाजलेले प्रभाकर दातार ब्राह्मण. होनाजी गवळी. सगनभाऊ मुसलमान, शिकलगाराच्या घरातले. परशराम शिंपी, तेही आपल्या शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या बावीचे. आणि संगमनेरचे फंदी. याशिवाय ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत असे महार, मांग, कोल्हाटी कलावंत तर प्रत्येक फडात होते. ढोलकी त्यांची, तुणतुणं त्यांचं, नाच त्यांचा. नाव राहिलं ते कवनात छाप घालणाऱ्याचं.

त्या वेळच्या तमाशात बाई उभी राहत नसे. नाच्या पोऱ्या साडी नेसून नाचायचा. मंडप नसायचा. देवळासमोरचं पटांगण किंवा पाटलाच्या वाड्यापुढची जागा हाच रंगमंच, आणि मशाली, टेंभे हाच उजेड. लोक जमिनीवर बसायचे. पाटील पुढं, बलुतेदार मागं आणि गावकुसाबाहेरचे त्याच्याही पलीकडे. म्हणजे खेळ एकच, पण बसायची जागा जातीप्रमाणं. हे विसरून जुन्या काळाचं नुसतं कौतुक करता येणार नाही.

तरीही एक गोष्ट खरी. अख्खं गाव एका वेळी एका आवाजाला मान डोलावतंय, अशी जागा त्या काळात दोनच होत्या, एक कीर्तन आणि दुसरी तमाशा. अनंत फंदी यांनी पुढं दोन्हीकडे उभं राहून दाखवलं.

त्यांचं कवन हे बोलण्याच्या भाषेतलं होतं. संस्कृतचा डोलारा नाही. बाजारात, शेतात, चावडीवर माणसं जशी बोलतात तशी ओळ, ठसक्यात, डफाच्या ठेक्यावर बसेल अशी. होनाजी बाळासारख्या नामांकित शाहिरानंही त्यांच्या कवित्वाची थोरवी आपल्या कवनात गायली. एका फडानं दुसऱ्या फडातल्याचं मोठेपण मानणं ही साधी गोष्ट नव्हती. सवाल-जवाबात एकमेकांना खाली बघायला लावणं हाच तर फडांचा धंदा होता.

चौंडीची लेक आणि संगमनेरचा शाहीर

आता गोष्टीतलं वळण. आणि ते आपल्या जिल्ह्याच्या आजच्या नावाशी जोडलेलं आहे.

अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. धनगर पाटलाची ही लेक होळकरांच्या घरात गेली आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरहून राज्य चालवलं. घाट बांधले, विहिरी खोदल्या, देवळं उभी केली. त्यांचा शब्द म्हणजे नुसता हुकूम नसे, त्याला धर्माचं वजन असे.

अनंत फंदी यांचा फड गाजत असताना त्यांची आणि अहिल्याबाईंची गाठ पडली. अहिल्याबाईंनी त्यांना समजावलं की ब्राह्मणानं तमाशा करावा हे शोभत नाही, अंगातली ही कवित्वशक्ती देवाच्या कामी लावावी. फंदींनी ते मानलं. डफ खाली ठेवला आणि कीर्तनाला उभे राहिले. त्यांच्या सगळ्या चरित्रांत ही हकिगत येते. अहिल्याबाई ऑगस्ट १७९५ मध्ये गेल्या, म्हणजे हा बदल त्याआधीचा. तेव्हा फंदी फार तर पन्नाशीचे असतील. पुढची चोवीस वर्षं आणि त्याहून जास्त काळ त्यांचा मान कीर्तनकाराचा राहिला.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी बोधकथेसारखी सांगतात. वाट चुकलेला माणूस होता, थोर बाईनं त्याला मार्गावर आणलं. पण जरा थांबून विचार केला तर एक प्रश्न उरतो. ब्राह्मणानं डफ वाजवणं शोभत नाही, तर मग शोभतं कुणाला? जे फंदींच्या मागं ढोलकी धरून उभे होते त्यांना कुणी येऊन असं सांगितलं नाही. त्यांचं ते काम आहे, असंच सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. एकाला त्या खेळातून वर काढलं गेलं, याचा अर्थ तो खेळ आणि त्यातली बाकीची माणसं खालची, हे कुणी न बोलता ठरून गेलं.

यात अहिल्याबाईंना दोष द्यायचं कारण नाही. त्यांच्या काळाची समज ती होती आणि त्यांच्या हेतूत आपुलकी होती. गंमत एवढीच की ज्या दोघांत हे घडलं ते दोघंही आपल्याच मातीतले. एक संगमनेरचा, एक चौंडीची. एक जन्मानं वरच्या जातीचा आणि लोकांच्या नजरेत हलका धंदा करणारा. दुसरी गावातल्या धनगराची लेक आणि कर्तृत्वानं राजमाता झालेली. माणसाची किंमत त्याच्या घरावरून ठरत नाही, याची ही दोन उदाहरणं समोरासमोर उभी होती. तरी खेळाची किंमत मात्र जातीवरूनच ठरली.

खर्डा, पुणे आणि पडता काळ

तमाशा सोडला तरी फंदींनी कवन सोडलं नाही. डोळ्यासमोर जे घडत होतं ते ते गात राहिले. मार्च १७९५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. शिंदे, होळकर, भोसले, पेशवे सगळे एका बाजूला उभे राहिले, असं पुन्हा कधी झालं नाही. फंदींनी त्या लढाईचा पोवाडा रचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तरुण पेशवा सवाई माधवराव गेला. त्यावर त्यांनी पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या सांगण्यावरून श्रीमाधवनिधन हे ओवीबद्ध काव्य लिहिलं. नाना फडणीस, यशवंतराव होळकर यांच्यावरही त्यांची कवनं आहेत.

हा काळ आपल्या भागासाठी फार वाईट होता. नगरचा किल्ला शिंद्यांकडे गेला, त्याच किल्ल्यात नाना फडणीस काही काळ कैदेत राहिले. १८०२ मध्ये होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा पराभव केला. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीच्या इंग्रजी फौजेनं नगरचा किल्ला घेतला. फौजांच्या येण्या-जाण्यानं रान उजाड झालं आणि १८०३-०४ मध्ये मोठा दुष्काळ पडला. ज्या यात्रांत फड उभे राहायचे त्या गावांत खायला दाणा नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई संपली. पुढच्या वर्षी, १८१९ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत अनंत फंदी गेले. राज्य बुडालेलं पाहूनच गेले. त्यांचा मुलगाही शाहीर निघाला, लोक त्याला सवाई फंदी म्हणत. म्हणजे बापानं डफ ठेवला तरी घरातून तो गेला नाही.

एक गोष्ट इथं नमूद केली पाहिजे. ज्या लावणीला हलकी म्हणत होते तीच लावणी दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात मोठमोठ्या वाड्यांत ऐकली जात होती. होनाजीला तर पेशव्यांचा आश्रय होता. रात्री ऐकायची आणि सकाळी नाक मुरडायचं, ही रीत जुनी आहे.

पुस्तकात काय राहिलं

फंदींचं नाव आज सगळ्यांत जास्त घेतलं जातं ते फटक्यासाठी. फटका म्हणजे उपदेशाचं कवन, पण गोड बोलून केलेला उपदेश नव्हे. चाबकाचा फटकारा बसावा तशी ओळ येते आणि ठेक्यात डोक्यात बसते. हा प्रकार मराठीत रूढ केला तो अनंत फंदी यांनी. वाकड्या वाटेला जाऊ नका, संसार नीट करा, कुणाचा तळतळाट घेऊ नका, असं साधं व्यवहारी शहाणपण त्यात आहे. जुन्या माणसांना आजही ते तोंडपाठ असतं.

पण नीट ऐकलं तर लक्षात येतं की हा ठेका कीर्तनातला नाही. तो डफाचा आहे. फडावर हजार माणसांना जागं ठेवायची जी कला तरुणपणी हाताला लागली तीच इथं वापरली आहे. शाळेनं उपदेश घेतला आणि तो शिकवला. तो ज्या मांडवातून आला त्याचं नाव मात्र पुस्तकानं घेतलं नाही.

असं पुढेही होत गेलं. १८८० मध्ये किर्लोस्करांचं संगीत नाटक सुरू झालं. त्या नाटकांतल्या कितीतरी पदांच्या चाली लावणीवरून घेतलेल्या होत्या. खुर्चीवर बसून, तिकीट काढून ऐकलं की ती संस्कृती, आणि त्याच चालीवर गावाच्या रानात ढोलकी वाजली की ते गावठी. पोवाड्यांचं तसंच. शाळिग्राम आणि ॲक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्यानं मिळून १८९१ मध्ये पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला. तोवर ती कवनं गोंधळ्यांनी आणि शाहिरांनी, म्हणजे बहुतेक निरक्षर माणसांनी, तोंडपाठ सांभाळली होती. ज्यांना अडाणी म्हटलं त्यांच्या डोक्यातच इतिहासाची ही पानं शाबूत राहिली.

हिवरगावची पवळा

अनंत फंदी गेले त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, १८७० मध्ये, संगमनेर तालुक्यातच हिवरगाव पावसा इथं एका महार कुटुंबात पवळाबाईंचा जन्म झाला. नाशिक-पुणे महामार्गावरच्या टोलनाक्यामुळे हे गाव आज सगळ्यांना माहीत आहे. पवळा हिवरगावकर म्हणजे ढोलकीच्या तमाशात उभी राहिलेली पहिली स्त्री, असं मानलं जातं. नाच्या पोऱ्याच्या जागी खरी बाई आली आणि तमाशाचं रूपच बदललं. सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, हे तिचे जोडीदार. पुन्हा एक ब्राह्मण आणि पुन्हा तमाशा. या जोडीनं महाराष्ट्र वेडा केला.

अनंत फंदींची गोष्ट पवळाबाईंच्या गोष्टीशेजारी ठेवली की खरा फरक कळतो. फंदींना परतीची वाट होती. डफ ठेवला, वीणा घेतली आणि समाजानं त्यांना मान दिला. पवळाबाईंना असं कुणी बोलावलं नाही. त्या नाचल्या तोवर गर्दी झाली, नाच थांबला तशी गर्दी पांगली. बापूरावांशीही पुढे फाटलं. १९३९ मध्ये त्या गेल्या. एवढी कीर्ती मिळवलेली बाई उतारवयात हालात राहिली.

याच काळातली आणखी एक घटना विसरू नये. महाड सत्याग्रहाच्या दिवसांत पठ्ठे बापूरावांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देणगी देऊ केली, ती बाबासाहेबांनी नाकारली. आमच्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, ही त्यांची भूमिका होती. म्हणजे तमाशाला नावं ठेवणारे सगळे एकाच कारणानं ठेवत नव्हते. वाड्यातला माणूस खेळाला हलका म्हणत होता. बाबासाहेब मात्र त्या खेळात ज्यांचं शोषण होत होतं त्या बाईच्या बाजूनं बोलत होते. या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ देता कामा नये.

स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेचच तेव्हाच्या मुंबई सरकारनं तमाशावर बंधनं आणली. नंतर मजकूर तपासून, अटी घालून परवानगी दिली. बैलगाडा शर्यतीचंही आपण पाहिलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, पुढे कायदा झाला आणि मे २०२३ मध्ये न्यायालयानं तो मान्य केला. मुक्या जनावराला त्रास होऊ नये हा आक्षेप रास्तच होता आणि त्यासाठी नियमही हवेत. पण त्या वादात शेतकऱ्याला रानटी म्हणून मोकळी होणारी माणसंही कमी नव्हती. ज्यांनी गोठ्यात कधी पाय ठेवला नाही तेही त्यात होते. चूक दाखवली तर माणूस सुधारतो. हिणवलं तर तो फक्त गप्प बसतो, नाहीतर चिडतो.

यंदाच्या यात्रेला

संगमनेरचं तमाशाशी नातं फंदींबरोबर संपलं नाही. कांताबाई सातारकर यांनी याच गावात घर केलं, इथूनच फड चालवला आणि २०२१ च्या कोरोनात त्या इथंच गेल्या. त्या दोन वर्षांत यात्रा बंद होत्या. फडातल्या माणसांनी काय खाल्लं, कसं दिवस काढले, याची चौकशी किती जणांनी केली, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

अनंत फंदींच्या नावाची व्याख्यानमाला ही चांगलीच गोष्ट आहे. तिथं मोठमोठे वक्ते येतात, लोक शांत बसून ऐकतात. पण ज्यांचं नाव त्या मंचावर आहे ते आयुष्याची पहिली पन्नास वर्षं अशा मंचावर नव्हतेच. ते देवळासमोरच्या पटांगणात, मशालीच्या उजेडात, धुळीत उभे होते. आणि त्यांच्या मागं ढोलकीवर जो हात होता त्याचं नाव आज कुणालाच माहीत नाही.

यंदा तुमच्या गावच्या यात्रेला फड येईल. सुपारी ठरवताना पंच कमिटी घासाघीस करील, ते चालायचंच. पण खेळ संपल्यावर ढोलकीवाल्याला त्याचं नाव आणि गाव विचारा. पोरांना सोबत न्या आणि त्यांनाही ते नाव सांगा. पुढच्या वर्षी तोच फड आला तर त्याला नावानं हाक मारता येईल.